माळरानाचे विनावेतन पहारेकरी

सोलापूरहून बार्शीकडे जाताना लागणाऱ्या नान्नजच्या गवताळ माळाला, माळढोकाच्या वास्तव्यामुळे, १९७९ साली अभयारण्याचा दर्जा लाभला खरा. परंतु वर्षाकाठी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या भुईवर, घालणाऱ्या या पक्ष्याचे रक्षण केवळ सरकारी फर्मानाने होणारे नव्हते. शेते, गावे, रस्ते यांसह ८,४९६ चौरस किलोमीटरांचे ते क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ वर आले. तरीही मोजक्या वनरक्षकांना त्याचा बंदोबस्त दुष्करच आहे, आणि ही उणीव अंशतः भरून काढणाऱ्या सोलापूरच्या निसर्गप्रेमी मंडळांचे ऋण आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर जागून वन्यप्राण्यांची गणती करणे, हे कष्ट ही मंडळी विनामोबदला उपसतात.

त्यांचा खरा उपयोग मात्र मनुष्यबळापुरता नाही. ओसाड दिसते ती जमीन पडीक समजून तेथे झाडे लावणे म्हणजे माळढोक, काळवीट आणि लांडगा यांचे घर मोडणे होय, हे वर्षानुवर्षे माळ न्याहाळणाऱ्यास जसे उमगते तसे बदलीवर येणाऱ्या अंमलदारास सहसा उमगत नाही. माळढोकाचे दर्शन आज अतिदुर्मीळ झाले असताना तर ही जाणकारी अमोल आहे. म्हणून वनखात्याने या मंडळांच्या नोंदी आपल्या दप्तरी रीतसर दाखल कराव्यात, आणि माळावरील कोणत्याही कामाचा हुकूम काढण्यापूर्वी त्यांचा अभिप्राय मागवावा.