कॉलेजाची निवड आणि कॉलेजाचें शेत

प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध झाल्या म्हणजे शेतकऱ्यांच्या घरीं मोठी धांदल उडते. ज्यांचें नांव यादींत नाहीं त्यांच्या दुःखाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु ज्यांस एकाहून अधिक ठिकाणीं जागा मिळाली त्यांची अडचण कोणी विचारांत घेत नाहीं. जागा मिळाली, आतां काळजी कसली, असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुतः काळजी करण्याचा काळ तोच. पुढील चार वर्षें मुलानें कोणत्या मातींत शिकावयाचें हें त्या आठ-दहा दिवसांत ठरतें, आणि बहुधा कोणाच्या तरी ऐकीव सांगण्यावरून ठरतें.

नाचणगांवचा एखादा होतकरू मुलगा डोळ्यांपुढें आणावा. राज्याच्या सामाईक परीक्षेवरून त्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या एका घटक कॉलेजांत जागा मिळते. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या यादींतून परप्रांतांतील एका विद्यापीठाचें बोलावणें येतें. इतक्यांत एखादें विनाअनुदानित खाजगी कॉलेज, घराजवळ आहे, संस्थास्तरावरील जागा देतों, असा निरोप धाडतें. पदवी तिन्ही ठिकाणीं कृषीचीच. मग निवड शहराच्या नांवावर होते, वसतिगृहाच्या सोयीवर होते, किंवा मित्र कोठें चालला त्यावर होते. आमच्या मतें ती कॉलेजाच्या शेतावरून झाली पाहिजे.

कृषीची विद्या जमिनीपासून वेगळी काढतां येत नाहीं. आपली जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यांत भेगा पडणारी, पावसाळ्यांत पायास चिकटणारी. दापोलीच्या विद्यापीठाची योग्यता मोठी आहे. पण तेथील जांभ्या जमिनींत भात, आंबा आणि काजू यांचा अभ्यास होणार. राहुरीस व पुण्यास ऊंस आणि पाटाचें पाणी यांचा विचार अधिक. परभणीची गोष्ट निराळी. तेथील माती आपल्या मातीची बहीणच होय, आणि एन. एच. एच. ४४ हा कपाशीचा संकरित वाण त्याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्रावरचा. अकोल्याचें विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. नागपूरचें कृषि कॉलेज त्याहून पुष्कळ जुनें, १९०६ चें, आणि आतां त्याच विद्यापीठाचें अंग. (महाराजबागेंतील प्राणिसंग्रहालयही हेंच विद्यापीठ चालवितें. मुलें तेथील वाघाचीं वर्णनें हौसेनें सांगतात. त्यांस जवसाच्या वाफ्यांविषयीं विचारून पाहावें.)

ह्या भेदाची किंमत २०१७ सालीं आपण मोजली. त्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें बी. टी. कपाशीची बोंडें आंतून पोखरलीं, आणि नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं. हिरवें बोंड बाहेरून निरोगी दिसतें. अळी आंत आहे कीं नाहीं हें फोडल्यावांचून कळत नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें कॉलेजाच्या कपाशींत दर आठवड्यास बोंडें फोडलीं, कामगंध सापळ्यांतील पतंग मोजून वहींत टिपले, तो घरीं येऊन फवारणी केव्हां करावी, कोणत्या औषधाची करावी आणि केव्हां मुळींच करूं नये हें बापास सांगूं शकतो. ज्यानें किडींचीं कोष्टकें केवळ पाठ केलीं तो प्रश्नपत्रिका सोडवील. औषध मात्र दुकानदाराच्या सल्ल्यानेंच आणील.

दूर जाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनीं अमेरिकेंत कृषिविद्या संपादन केली, आणि पुढें मेक्सिकोंतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयांत अध्यापन करून मका व गहूं यांच्या सुधारणेवर काम केलें. त्यांच्या गांवची कपाशी तेथें नव्हती. पण शेत होतें आणि प्रयोग होता. परप्रांतांतील जागेची परीक्षाही ह्याच कसोटीनें व्हावी. मुलगा संशोधनांत शिरूं इच्छितो आणि तेथें प्रयोगक्षेत्र भक्कम आहे, तर त्यास अवश्य जाऊं द्यावें. घरची शेती सांभाळावयाची असेल तर काळ्या जमिनीवरचें कॉलेज बरें.

राहिलें घराजवळचें खाजगी कॉलेज. त्यांतलीं कांहीं चांगलीं आहेत, हें मान्य. परंतु शुल्क घटक कॉलेजाहून कितीतरी अधिक, आणि तें भरण्यासाठीं सातबाऱ्यावर बोजा चढवावयाचा, हा व्यवहार आम्हांस पटत नाहीं. ज्या जमिनीसाठीं मुलगा शिकणार तीच अडकवून त्यास कोणती शेती दाखवावयाची? मुलीच्या बाबतींत तर हा मोह अधिक असतो. ती दृष्टीआड नको म्हणून जवळची जागा घेतात. तशा पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, २०२४ पासून राज्यशासनानें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाचें शिकवणीशुल्क व परीक्षाशुल्क माफ केलें आहे. ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून आलेल्या मुलींस आहे. संस्थास्तरावरील जागेस ती लागू नाहीं. जवळच्या सोयीसाठीं हातची सवलत जाते, हें पुष्कळांस पैसे भरल्यावरच कळतें.

तेव्हां पावती फाडण्यापूर्वीं मुलास किंवा मुलीस बरोबर घेऊन कॉलेज पाहून यावें. सुट्टीचा दिवस टाळावा. इमारत शेवटीं पाहावी. आधीं शेतावर जावें. जमीन कॉलेजाची कीं भाड्याची, विहिरीस पाणी किती, उभें पीक कोणतें, निंदण विद्यार्थी करतात कीं मजूर, हें तेथल्या सालदारास विचारावें. तो खरें सांगेल. कायम अध्यापक किती आणि रिकाम्या जागा किती, हेंही विचारण्यास संकोच नसावा. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत येतात, त्यांस आपल्या ओट्यावर बसवून चौकशी करावी. देवळी तालुक्यांतच सेलसुरा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे; तेथील तज्ज्ञांचें मत घ्यावें. अकोला आणि नागपूर हीं दोन्ही पुलगांव स्टेशनाच्या एकाच लोहमार्गावर आहेत. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. दोघांच्या जाण्यायेण्याचें साध्या डब्याचें भाडें कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटाहून अधिक होणार नाहीं.