खुर्चीची दुरुस्ती आणि कचेरीचा शिरस्ता

पंजाबच्या नव्या राजधानीच्या उभारणीसाठी १९५१ साली चंदीगडला आलेले स्विस वास्तुशिल्पज्ञ पिएर जनरे यांनी, ल कॉर्ब्युझिए या आपल्या चुलतबंधूंच्या योजनेनुसार ते नगर आकारास येत असताना, तेथील कचेऱ्या, ग्रंथालये आणि विद्यापीठ यांच्यासाठी यूली चौधरी आदी सहकाऱ्यांसह ज्या खुर्च्या सिद्ध केल्या, त्यांचे माहात्म्य आपल्याला परदेशातील लिलावांतून कळावे, ही खेदाची गोष्ट आहे. मोडीत काढलेल्या, कवडीमोलाने विकल्या गेलेल्या त्याच खुर्च्यांना पुढे युरोप-अमेरिकेत लक्षावधी रुपये मोजले गेले. तेव्हा कुठे २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीस मज्जाव करणारा हुकूम काढला.

हुकूम योग्यच होता. परंतु त्या खुर्चीचे खरे मोल तिच्या बांधणीत आहे. उघडलेल्या कर्कटकासारखे दोन तिरपे सागवानी पाय दोन्ही बाजूंस, त्यांच्या माथ्यावर हात टेकण्याची पट्टी, आणि बैठक व पाठ वेताच्या जाळीची: उष्ण हवेत अंगाखालून वारा खेळावा, वाळवीने सहज पोखरू नये आणि गावातल्या सुताराला आराखडा पाहून ती घडविता यावी, हा सारा विचार त्या साध्या आकृतीत सामावलेला आहे. वेताची एक पट्टी तुटली की तिचा भार शेजारच्या पट्ट्यांवर येतो आणि जाळी हळूहळू खचते. पण चौकट शाबूत असते. जुना वेत काढून, नवा पाण्यात भिजवून मऊ करावा, चौकटीच्या छिद्रांतून प्रथम उभा, मग आडवा, शेवटी तिरपा ओवावा. वाळताना तो आपोआप ताठ होतो आणि खुर्ची पुन्हा कामाला लागते. हे विणकाम आपल्याकडे अनेक अंध कारागीर केवळ बोटांच्या स्पर्शाने सफाईने करतात, याचा मला विशेष आदर वाटतो.

उलट, साच्यातून एकसंध निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला की तिला उपाय नाही, आणि फिरत्या खुर्चीतील वायूचा दट्ट्या निकामी झाला की बदलण्याजोगा एवढा एकच भाग असूनही ती सबंध खुर्ची जडवस्तूंच्या नोंदवहीतून निर्लेखित होते, कारण नव्या खरेदीला मंजुरी मिळते, दुरुस्तीला मिळत नाही. स्वस्त खुर्चीमुळे सामान्य माणसाला बसायला आसन मिळाले, हे मी नाकारीत नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीला मात्र ही सबब पुरेशी नाही.

म्हणून माझी राज्य शासनाला व विद्यापीठांना विनंती आहे की, यापुढे खुर्च्यांच्या निविदेत सुटे भाग मिळण्याची अट घालावी, सुतार व वेतकाम करणाऱ्यांसाठी दरसाल स्वतंत्र तरतूद करावी, आणि दुरुस्ती अशक्य असल्याचा कारागिराचा लेखी दाखला जोडल्याखेरीज एकाही लाकडी खुर्चीचे निर्लेखन मंजूर करू नये.