लिनक्स काढलं, म्हणून युनिक्सपण गेलं का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये हुआवेने हार्मनीओएस नेक्स्ट आणली. लिनक्स कर्नलच्या जागी स्वतःचा हाँगमेंग कर्नल आला, अँड्रॉइड अ‍ॅप्स बंद झाली. 'एकदम वेगळी ओएस' अशी चर्चा सुरू झाली. मला ते घाईचं वाटतं.

'युनिक्स' हा ट्रेडमार्क आहे, तो द ओपन ग्रुपकडे. चाचण्या पास करा, फी भरा, नाव लावा. मॅकओएसकडे हे प्रमाणपत्र आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमधल्या लिनक्सकडे नाही, म्हणून तो नुसता 'युनिक्ससारखा'. (गंमत म्हणजे याच हुआवेच्या युलरओएसने, जी लिनक्सवरच बनलीय, २०१६ मध्ये हे प्रमाणपत्र घेतलं होतं!)

मग 'सारखा' कशावरून म्हणायचं? कोड कुठून आला यावरून नाही, वागण्यावरून. प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते बघा: 'ओपन' करून फाइल उघड, 'रीड'ने वाच, 'फोर्क'ने नवी प्रोसेस बनव. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क, जवळपास सगळं फाइलसारखंच हाताळायचं. ही मागण्यांची भाषा 'पॉझिक्स' नावाने १९८८ मध्ये प्रमाण झाली. ती जो कर्नल समजतो, तो त्याच घराण्यातला.

आणि हाँगमेंग ती समजतो. त्याच्या इंजिनीअर्सनी २०२४ च्या पेपरमध्ये स्वतःच लिहिलंय की लिनक्ससाठी कंपाइल झालेले प्रोग्रॅम चालावेत अशी सोय त्यात ठेवलीय. कर्नलची आतली रचना वेगळी, बोलणं मात्र ओळखीचं.

मग अँड्रॉइड अ‍ॅप का चालत नाही? कारण ते कर्नलशी थेट फारसं बोलतच नाही. त्याला वरचा अँड्रॉइडचा थर लागतो, आणि काढलाय तो.