रंगकामापूर्वी शिशाची पारख

दिवाळी जवळ आली की अनेक कुटुंबांत घराला नवा रंग देण्याचा बेत सुरू होतो. छटा कोणती, मजुरी किती, काम किती दिवसांत आटोपेल, याची सविस्तर चर्चा होते. जुन्या रंगात काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. पेठेतील वाडे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जुनी घरे यांच्या बाबतीत हाच प्रश्न पहिला असावयास हवा. कारण त्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो.

रंगात शिसे घालण्यामागे व्यवहार होता. शिशाचा सफेदा पृष्ठभाग उत्तम झाकी, शिशाच्या क्रोमेटने पिवळ्या व नारिंगी रंगाला झळाळी येई, तर गंज टाळण्यासाठी लोखंडावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच ऑक्साइडचा, पहिला हात दिला जाई. म्हणून शोध घ्यावयाचा तो मुख्यतः तेलरंग लावलेली दारे, खिडक्या, कठडे आणि लोखंडी गज यांवर. निव्वळ चुन्याच्या सफेदीत ही शक्यता फार कमी.

रंग घट्ट बसलेला असेल तोवर धोका थोडा असतो. तो पत्र्याने खरवडला किंवा पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते. रांगणाऱ्या बाळाचे हात तिला लागतात आणि तेच हात तोंडात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेते. बुद्धी व एकाग्रता यांवर होणारा परिणाम बहुधा वरून दिसत नाही आणि पुरता भरूनही येत नाही. हाडांत साठलेले शिसे गर्भारपणी रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. शिशाची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे ज्ञान नवे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगवलेल्या कठड्यांत व भिंतींत असल्याचे मांडले होते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या तेलरंगाविषयी परीक्षणाविना खात्री देता येत नाही.

परीक्षण अवघड नाही. जागा किंचित ओली करून, खाली कागद धरून, धारदार चाकूने रंगाचा पापुद्रा थेट लाकडापर्यंत काढावा. सर्वांत जुना थर तळाशी असतो आणि बहुधा शिसे त्यातच सापडते. दार, खिडकी, गज यांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत, नावनिशी, रंगातील शिसे मोजणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावेत. अमेरिकेत दशलक्षात ५,००० भाग किंवा अधिक शिसे असलेला जुना रंग शिसेयुक्त मानतात. मात्र त्याहून कमी प्रमाण आढळले तरी धुळीची काळजी सुटत नाही.

शिसे आढळल्यास घट्ट रंग न खरवडता त्यावरच नवा हात द्यावा. पापुद्रे सुटलेला भाग ओला करूनच घासावा. कोरडे यंत्र किंवा ज्योत वापरू नये. खोलीतील सामान हलवून जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावे, दार बंद ठेवावे आणि काम व सफाई पूर्ण होईपर्यंत मुले व गर्भवती स्त्रिया यांनी अन्यत्र राहावे. केर झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसावा. खरवडलेला रंग जाळू नये; पिशवीत बांधावा.

रंगाऱ्याचा विचारही याच हिशेबात यावा. त्याच्या कपड्यांवरची धूळ सायंकाळी त्याच्या मुलांपर्यंत जाते. धूळ अडवणारा मास्क, हात धुण्याची सोय आणि बदलावयास कपडे यांचा खर्च ठेक्यातच धरावा. नवा डबा घेताना त्यावर ९० भागांच्या मर्यादेचा उल्लेख पाहावा.

घरातील मूल सुटलेल्या रंगाजवळ वावरत आले असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. प्रयोगशाळेचे उत्तर यावयास वेळ लागतो. म्हणून नमुने रंगाऱ्याला विसार देण्यापूर्वीच पाठवावेत.