रशियाच्या कायद्याला टाळ्या वाजवण्याआधी

केळझर (ता. सेलू, जि. वर्धा) : रशियाने समलिंगी लोकांच्या चळवळीवर बंदी घातली, कुटुंब वाचवले, धर्म वाचवला, पुतिनला जमते ते आपल्या सरकारला का जमत नाही? अशा अर्थाचे मजकूर आमच्या छोट्या गावातल्या मोबाईलवरही येऊन धडकतात. ते हिंदुत्ववाद्यांच्या गटात फिरतात आणि आपल्या जमातीच्या गटातही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक इथे एका सुरात वाहवा करतात. त्यांचे त्यांना लखलाभ. पण मुसलमानांनी या वाहवात सामील होण्याआधी एक गोष्ट तपासावी. ही काठी रशियात आधी कुणाच्या पाठीवर पडली?

30 नोव्हेंबर 2023 रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी हक्कांच्या चळवळीला 'अतिरेकी' ठरवले. हा 'अतिरेकी' शिक्का त्या दिवशी तयार झालेला नाही. 2007 साली मॉस्कोच्या न्यायालयाने तुर्की आलीम सईद नुरसी यांच्या कुराणभाष्याचे रशियन अनुवाद याच शिक्क्याखाली बंद केले. सप्टेंबर 2013 मध्ये नोव्होरोसिस्क शहरातल्या न्यायालयाने तर कुराणाचा एक रशियन अनुवादच अतिरेकी ठरवून नष्ट करण्याचा आदेश दिला. ओरड झाली, म्हणून डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. 2017 साली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथावर देशभर बंदी आली. मग समलिंगींची पाळी आली. 'परंपरा' वाचवणारा कायदा कुणाची परंपरा वाचवतो, हे या क्रमातून कळते. ज्या 2013 साली कुराणाच्या अनुवादावर गदा आली, त्याच वर्षी समलैंगिकतेच्या 'प्रचारा'विरोधी कायदा रशियन संसदेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला होता.

कुणी म्हणेल, हा ख्रिस्ती रशिया झाला, मुस्लिम चेचन्याचे काय? चेचन्याचे ऐकाच. 2017 साली तिथे समलिंगी असल्याच्या संशयावरून पुरुषांना उचलून नेले, छळले, काहींना ठार मारले. 'नोवाया गॅझेटा' या वृत्तपत्राने हे उघड केले, तेव्हा कादिरोव यांच्या प्रवक्त्याने सांगितले की असे लोक चेचन्यात नाहीतच. घराण्याच्या अब्रूच्या नावाने स्वतःच्या पोरांना संपवायला कुटुंबांना भरीस घातले गेले. याला दीनची सेवा म्हणायचे असेल, तर जुलूम कशाला म्हणायचे?

आणि हे सारे धर्मासाठी चालले आहे, हाही भ्रमच. रशियात पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा सोव्हिएत कायदा 1934 मध्ये आला. तो आणला स्टालिनने. चर्च आणि मशिदी बंद पाडणाऱ्या, अल्लाला न मानणाऱ्या राजवटीने. तो 1993 पर्यंत टिकला. त्याच 1934 साली मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, त्यांनी सरळ उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कुणाच्या बाजूने उभे राहिले, हे महाराष्ट्राने विसरू नये. आणि आपले 377 कलम? ते ना कुराणातून आले, ना मनुस्मृतीतून. ते 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतून आले.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये या कलमाची धार काढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अपिले गेली. अपील करणाऱ्यांत ज्योतिषी होते, चर्चच्या संघटना होत्या आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. 11 डिसेंबर 2013 रोजी ते जिंकले. त्या निकालातला एक तर्क आपल्या अंगावर काटा आणणारा आहे: हे लोक लोकसंख्येत अगदीच नगण्य आहेत. नगण्य आहेत म्हणून हक्क नाहीत! अल्पसंख्य समाजाची संघटना हा तर्क जिंकल्यावर समाधान मानते, याहून मोठा आत्मघात कोणता? 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंबरोबर मुंबईत मोर्चा काढणाऱ्या मुस्लिम स्त्रिया फक्त सात होत्या. डोकी मोजूनच न्याय द्यायचा तर त्या सातजणींना रस्त्यावर यायचाही हक्क नव्हता.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने ती चूक दुरुस्त केली. बहुसंख्याकांच्या नैतिकतेपेक्षा संविधानाची नैतिकता मोठी, असे सांगितले. हेच वाक्य उद्या आपल्या ताटातल्या अन्नासाठी, पोरीच्या हिजाबसाठी, आंतरधर्मीय लग्नासाठी आपल्याला लागणार आहे. तरीही 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर केंद्र सरकार आणि जमियत उलेमा-ए-हिंद एकाच बाजूला उभे दिसले. एरवी आपल्या हक्कांसाठी ज्या सरकारशी भांडायचे, त्याच्याच शेजारी बसून दुसऱ्याचा हक्क नाकारायचा, ही कसली कौमची सेवा?

"पण हे हराम आहे!" हराम काय ते उलेमांनी सांगावे, ज्याला पाळायचे तो पाळेल. व्याजही हराम आहे. म्हणून कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला तुरुंगात टाका, असे कुणी म्हणत नाही. आमचा वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा. दारू संपली का? ती चोरून मिळते, इतकेच. माणसाचे पाप-पुण्य पोलिसाच्या हाती दिले की पाप कमी होत नाही, पोलिसाचा धाक मात्र वाढतो.

असे मुलगे, अशा मुली आपल्याही घरांत आहेत. अब्रूसाठी त्यांचे जबरदस्तीने निकाह लावले जातात. मुलाच्या मनाविरुद्ध सून घरात आणतात आणि त्या बिचारीला काहीच माहीत नसते. एका खोट्यासाठी दोन आयुष्ये जातात. तलाकनंतर बोल मात्र मुलीलाच लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. आपल्या संघटनांनी दुसऱ्यांचे हक्क हिरावण्यासाठी न्यायालयाची पायरी चढणे थांबवावे. आईबापांनी पोराला घराबाहेर काढू नये आणि त्याच्या गळ्यात कुणाची लेक बांधू नये. आणि रशियाचे गोडवे गाणारा मजकूर आला, तर पुढे पाठवण्याआधी नोव्होरोसिस्कचा आदेश आठवावा. त्या आदेशात नष्ट करायला सांगितलेला ग्रंथ आपला होता.