झिजणं विकत घेऊ नका

दुकानात नवी कोरी जीन्स टांगलेली असते. गुडघ्यावर पांढरी, मांडीवर विरलेली, खिशाच्या कडेला दोरे सुटलेली. शेजारीच गडद निळी, साधी जीन्स असते. बहुतेक वेळा पहिलीची किंमत जास्त असते आणि आपण तीच उचलतो. माझं म्हणणं असं की हा आपल्या पिढीतल्या पुरुषांनी स्वखुशीने करून घेतलेला सर्वात मोठा गंडा आहे, आणि त्यात फक्त आपले पैसे जात नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करतो. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत फाटक्या जीन्स घालणाऱ्या बायकांवर घसरले होते आणि देशभर गदारोळ झाला होता. माझं भांडण त्या जातीचं नाही. कुणाचा गुडघा दिसला म्हणून संस्कृती बुडत नाही. माझा प्रश्न कापडाचा आहे, आणि ते कापड ज्यांच्या हातांतून जातं त्या माणसांचा आहे.

मी खडकीत राहतो. इथली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. लष्कराचा वर्कशॉप आहे, सॅपर्सचं केंद्र आहे. या गावात पिढ्यान् पिढ्या पँट ही कामाची वस्तू होती. ती कुठे झिजणार हे काम ठरवायचं. मशीनवर वाकणाऱ्याची मांडीवर, सायकलवरून जाणाऱ्याची बुडाखाली. खिशात पान्हा ठेवणाऱ्याचा खिसाच आधी जायचा. जीन्सचा जन्म नेमका याच अडचणीतून झाला. अमेरिकेतल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या पँटचे खिसे सारखे फाटतात म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला सोबत घेऊन २० मे १८७३ ला त्याचं पेटंट मिळवलं. आणि ‘डंगरी’ हा शब्द तर आपल्याच मुंबईचा. डोंगरीच्या आसपास विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून तो इंग्रजीत गेला. म्हणजे मजुराचं कापड ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

आता डेनिम झिजतं कसं ते बघा. त्यात ताण्याचे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे पांढरे. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसते. म्हणून जिथे घासलं जातं तिथे रंग उडतो आणि आतला पांढरा धागा दिसतो. तुमचा मोबाईल कुठल्या खिशात असतो, बाईकवर गुडघा कसा वाकतो, हे सगळं दोन वर्षांत त्या कापडावर उमटतं. तुमची झीज दुसऱ्या कुणाच्या पँटवर उमटू शकत नाही.

कारखान्याला दोन वर्षं थांबायला वेळ नाही. म्हणून तो कापड सँडपेपरने घासतो, रसायनं फवारतो, पुन्हा पुन्हा धुतो. वाळूचा फवारा मारून रंग उडवण्याच्या पद्धतीत तुर्कस्तानातल्या छोट्या वर्कशॉपमधल्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिका गेली. अनेकांना सिलिकोसिस झाला, काही मेले, आणि २००९ मध्ये तिथे ही पद्धत बंद करावी लागली. दूर कशाला जायचं? उल्हासनगर हे जीन्सचं मोठं केंद्र. तिथल्या जीन्स धुणाऱ्या युनिट्सचं रंगीत पाणी वालधुनीत जात राहिलं, नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि या युनिट्सना टाळी लागली. त्यात मालकांसोबत मजुरांचंही पोट गेलं. ज्याने आयुष्यात एसी केबिनबाहेर काम केलेलं नाही त्याच्या मांडीवर कष्टाचा डाग दिसावा, म्हणून खरे कष्ट करणारा आजारी पडतो. मला यात फॅशन दिसत नाही, निव्वळ उद्धटपणा दिसतो.

‘पण स्ट्रेच जीन्स आरामदायक असते ना!’ असते. पहिले सहा-आठ महिने. त्यातला इलास्टेन म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा. उष्णतेने आणि वारंवार ताणल्याने तो थकतो. मग गुडघे फुगतात, कंबर सैल होते, आणि सगळ्यात आधी दोन मांड्यांमधलं कापड जातं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि बाईकवर हिंजवडी गाठणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिवाय घट्ट बसण्यासाठी पातळ कापड लागतं, आणि ते आधीच घासून अर्धमेलं केलेलं असतं. आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम मुद्दाम थकवून ग्राहकाच्या हाती दिली तर नोकरी जाईल.

आणखी एक फसवणूक नंबरची. माझ्या कपाटातल्या ३२ लिहिलेल्या तीन जीन्सच्या कंबरा मी टेपने मोजल्या. ३३, ३४ आणि ३५ इंच भरल्या. ग्राहकाला आपण बारीक असल्याचं वाटावं म्हणून आकडा खाली ठेवायचा. मग दुसऱ्या दुकानातली खरी ३२ बसली नाही की पोरगं आरशासमोर स्वतःच्या पोटाला दोष देतं. जिममध्ये जरूर जा, पण लेबलावरच्या थापेमुळे नको.

मग घ्यायची कशी? सुती घ्या, आतल्या लेबलवर १०० टक्के कॉटन असलेली. १२ औंसांच्या आसपासचं कापड पुण्याला पुरतं. त्याहून जाड घेतलं तर जुलैत दोन दिवस वाळत नाही, हे मान्य. वजन लिहिलेलं नसेल तर मांडीजवळचं कापड ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार आला तर ठेवून द्या. जीन्स उलटी करा. मांड्यांमधली जोड दुहेरी शिलाईची हवी, खिशाचं अस्तर जाड हवं. ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहू नका, उकिडवे बसा. पाठ उघडी पडली तर बैठक तोकडी आहे. कंबर थोडी घट्ट चालेल, वापराने सैलावते. मांडी घट्ट असेल तर घेऊ नका. रंग गडद निळा घ्या, झिजवायचं काम तुमचं. आणि लांबी पहिल्या धुण्यानंतरच कमी करा, कारण सुती कापड आटतं. खडकी बाजारातला टेलर हे काम करून देतो, दोरा मात्र मूळ रंगाचाच लावायला सांगा.

‘हे चोचले महाग पडतात’ असं कुणी म्हणेल. हिशोब करू. १,२०० रुपयांची स्ट्रेच जीन्स वर्षभर टिकली आणि २,४०० ची सुती चार वर्षं, तर चार वर्षांत पहिलीवर ४,८०० जातात. पण ज्याच्याकडे आज एकरकमी २,४०० नाहीत त्याला हा हिशोब ऐकवणं क्रूरपणा आहे, हेही खरं. त्याच्याशी माझा वाद नाही. सेलमध्ये तीन घेणाऱ्याशी आहे. तीनऐवजी एक घे, एवढंच.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तिथे डेनिमची मिलही आहे. कोरडवाहू जमिनीत, पावसाच्या भरवशावर कुणीतरी पिकवलेला कापूस आपल्या अंगावर येतो. तो वर्षभरात कचऱ्यात जावा म्हणून कुणी पिकवलेला नसतो. आपण निदान तो नीट वापरून झिजवावा.