वादळाची वार्ता आणि घरची सिद्धता

हवामानखात्याने इशारा द्यावा आणि वादळाने दुसरीकडे वळावे, असे झाले की आपल्याकडे पुष्कळांना हसू येते. ‘उगीच घाबरवले!’ असे म्हणून ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. विद्यार्थी मित्रहो, हे हसणे आम्हांस वादळाहूनही अधिक घातक वाटते. कारण त्यामुळे पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी होते.

२०२१ सालच्या ‘तौक्ते’ वादळाचेच उदाहरण घ्या. १६ मे रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. त्याचे केंद्र समुद्रातच राहिले आणि दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी, ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. नकाशापुरते पाहिले तर ते गोव्यात आलेच नाही. तरीही येथे दोन माणसे प्राणास मुकली, शेकडो झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक घरे अंधारात राहिली. नकाशावरची रेघ ही केवळ वादळाच्या केंद्राची वाट असते. त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा असतो, हे ज्याला उमगले तो ‘वादळ चुकले’ असे सहसा म्हणणार नाही.

समुद्राचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापले, की त्यावरील बाष्प वर चढते, त्याचे पाणी होताना उष्णता मोकळी होते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. आपल्या गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला म्हणजे त्यास चक्रीवादळ म्हणतात व नाव देतात. वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा व छपरावरचा दाब चौपट होतो, हे गणित कौलारू घरात राहणाऱ्यांनी विसरू नये.

अशा वादळांचे हंगाम दोन. पहिला पावसाळ्यापूर्वीचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. पहिल्याची आपल्या घरांना पूर्वापार सवय आहे. मे महिन्यात गोव्यातील गृहिणी पुरुमेंत भरते; सोले, सुकी मासळी, मिरच्या, लोणची, सरपण यांची बेगमी होते; कौले परतली जातात. परंतु दिवाळीनंतर घर निर्धास्त असते. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणच्या किनाऱ्यावर आले, ते अशाच निर्धास्त दिवसांत. म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की, घरोघरी दुसरे लहानसे पुरुमेंत ऑक्टोबरच्या आरंभी भरले जावे.

त्यात फारसे खर्चाचे काही नाही. माडाच्या वाळलेल्या झावळ्या उतरवाव्यात, घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, सैल कौले बसवून घ्यावीत. तीन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य, नित्याची औषधे, विजेरी आणि सेलवर चालणारा रेडिओ एका जागी ठेवावा. वीज गेली की विहिरीवरचा पंपही बंद पडतो, म्हणून भांडी आधीच भरावीत व मोबाईलही भारून ठेवावेत. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत. तुटलेल्या तारेस कदापि हात लावू नये. वादळाचे केंद्र डोक्यावर असता वारा एकाएकी शांत होतो. त्या शांततेस भुलून बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात तो उलट दिशेने झोडपू लागतो.

यापुढचे काम विद्यार्थ्यांचे. पणजीचे स्थान १५ अंश ३० कला उत्तर अक्षांश व ७३ अंश ५० कला पूर्व रेखांश. बातमीपत्रात वादळाचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते नकाशावर मांडावेत. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटर. केंद्र आपल्याच अक्षांशावर ७२ अंश रेखांशाला असेल, तर ते पणजीपासून सुमारे १९६ किलोमीटरांवर आहे, हे आठवीतला मुलगाही काढील. भूगोल व गणित यांचा याहून उपयुक्त धडा कोणता?

इशारा मानल्याने काय साधते, ते ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळाने तेथे सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या शंभराच्याही बरीच खाली राहिली.

मात्र इशारा सर्वांना सारखाच स्वस्त पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपले दोन घडे पाणी वाया जाईल. पण मासेमाऱ्याने होडी किनाऱ्यावर ओढली, तर त्याची त्या दिवसाची मिळकत बुडते. त्याने आज्ञा पाळावी असे वाटत असेल, तर त्या दिवसांत त्याच्या चुलीची काळजी गावाने व सरकारने वाहिली पाहिजे. त्याचप्रमाणे शेजारी एकटी राहणारी म्हातारी, परगावचा मजूर, ज्याला आपली भाषा वाचता येत नाही, यांच्या कानी वार्ता घालणे हा सिद्धतेचाच भाग होय.

येत्या ऑक्टोबरपासून आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात अरबी समुद्राचा एक नकाशा टांगला जावा, आणि वादळाची वार्ता येताच मुलांनी तो भरून संध्याकाळी घरी व शेजारी जाऊन सांगावे, अशी आमची सूचना आहे. वादळ दुसरीकडे वळले, तर त्या दिवशी हसू नये. ते जिकडे वळले तिकडेही माणसेच राहतात.